कल्हईच्या पत्र्याची आगगाडी आणि मुलांची संग्रहवृत्ती

प्राथमिक शाळेतील नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा खिसा रिकामा करविला, तर त्यातून चिंचोके, गोट्या, काडेपेटीचे छाप, बाटल्यांची बुचे, मोराचे एखादे पीस अशा वस्तू हमखास निघतात. शिक्षक त्या मेजाच्या खणात टाकतात आणि पुष्कळदा त्या तेथेच राहून जातात. अमेरिकेत कॅरोलिन बर्क यांनी शाळकरी मुलांच्या या सवयीचा अभ्यास करून १९०० साली तो प्रसिद्ध केला. जवळजवळ प्रत्येक मूल काही ना काही जमवीत असते व दहाव्या वर्षाच्या सुमारास ही आवड भरास येते, असे त्यात आढळून आले. पुढे वयाबरोबर ती ओसरते असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे, हे पाहण्यास युरोप-अमेरिकेतील एका छंदाचे उदाहरण फार उपयोगी पडते. तो छंद म्हणजे पत्र्याच्या जुन्या खेळण्यातील आगगाड्या जमविणे हा होय. तेथे पन्नाशी-साठी उलटलेली, व्यवहारात मुरलेली माणसे एका लहानशा डब्यासाठी शेकडो मैलांचा प्रवास करतात.

या गाड्यांचा पत्रा खेड्यातील शिक्षकास अपरिचित नाही. लोखंडी पोलादाच्या पातळ पत्र्यावर कथलाचा मुलामा, म्हणजेच कल्हई, चढविली की तो लवकर गंजत नाही. रॉकेलचे जुने डबे याच पत्र्याचे असत. आरंभी अशा पत्र्याचे भाग कापून, डाख देऊन जोडीत व त्यांवर हाताने रंग देत. पुढे सपाट पत्र्यावरच शिळाछापाच्या पद्धतीने खिडक्या, दारे, रिबिटा, एवढेच नव्हे तर आत बसलेले उतारूही छापू लागले. छापलेला पत्रा साच्याखाली दाबून वाकवावयाचा, त्याच्या कडेचे बारीक कान समोरच्या फटीत घालून मुडपावयाचे, की डबा तयार. डाखाची गरज नाही, रंगाऱ्याची नाही. त्यामुळे खेळणे स्वस्त झाले. इंजिनाच्या पोटात घड्याळासारखी स्प्रिंग असे व ती चावीने गुंडाळावी लागे. काही इंजिने स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळून खऱ्या वाफेने चालत. ती जमिनीवर पाणी आणि प्रसंगी जळते स्पिरिटही सांडीत, हे त्या काळच्या मातांनी कसे सोसले असेल कोण जाणे!

या उद्योगाच्या इतिहासात जर्मनीतील गॉपिंगेन गावच्या मेर्क्लिन घराण्याचे स्थान मोठे आहे. थेओडोर मेर्क्लिन याने १८५९ साली बाहुलीघरासाठी पत्र्याची भांडीकुंडी करण्याचा धंदा काढला. १८६६ साली त्यास अपघाती मृत्यू आला, तेव्हा त्याची पत्नी कॅरोलिन हिने तो धंदा नेटाने चालविला. पुढे तिच्या मुलांनी १८९१ साली लाइपझिगच्या वसंत-जत्रेत चावीची एक आगगाडी मांडली. चावीच्या गाड्या त्यापूर्वीही होत्या, परंतु या गाडीचे रूळ आठच्या आकड्यासारखे जुळविलेले होते आणि त्यांना हवे तितके नवे तुकडे जोडता येत. रुळांमधील अंतराची ठरावीक मापे त्यांनी बांधून दिली. त्यामुळे यंदा घेतलेल्या गाडीला पुढील नाताळात आणखी एक डबा, त्यापुढील वर्षी सांधा, मग स्टेशन, मग सिग्नल, असे जोडीत जाणे शक्य झाले.

या छंदाच्या ओढीचे मूळ येथेच सापडते. मेर्क्लिन बंधूंनी मुलांना जे विकले त्यात गाडीबरोबर एक अपुरेपणाही होता. बाहुली पुरी असते, चेंडू पुरा असतो. ही गाडी मात्र कधीच पुरी होत नाही. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे. ती या पत्र्याच्या गाड्यांहून कितीतरी मोलाची. पण ती एका मेजासाठी केलेली एकच वस्तू; ती पाहून माणूस थक्क होतो आणि घरी जातो. चार आण्यांच्या पत्र्याच्या डब्याला ‘यानंतरचा डबा कोठे आहे?’ असा प्रश्न जोडलेला असतो, म्हणून तो झोप येऊ देत नाही.

इतर कारखानदारांनी हे मर्म लवकरच ओळखले. न्युरेंबर्ग येथील बिंग बंधूंचा कारखाना पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील सर्वांत मोठा खेळण्यांचा कारखाना गणला जाई. न्यूयॉर्क येथे जोशुआ लायोनेल काउएन याने १९०० च्या सुमारास दुकानाच्या दर्शनी खिडकीत गिऱ्हाइकांचे लक्ष वेधण्यासाठी विजेवर फिरणारी एक उघडी वाघीण केली. लोक आत येऊन मालाऐवजी वाघिणीचीच किंमत विचारू लागले, असे सांगतात. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी याने १९०१ साली मेकॅनो या जुळणीच्या खेळण्याचे पेटंट घेतले होते. १९२० साली त्याने बाजारात आणलेली पहिली आगगाडीही मेकॅनोप्रमाणे नट-बोल्ट काढून सुटी करता येत असे. १९२३ साली इंग्लंडमधील रेल्वे कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन चार मोठ्या कंपन्या झाल्या, त्यानंतरच्या काळात हॉर्नबीने तेच इंजिन चौघींच्या चार रंगांत काढले. ज्याच्यापाशी एक आहे त्याला उरलेली तीन दिसू लागावीत, यासाठी याहून सोपी युक्ती ती कोणती?

दुसऱ्या महायुद्धानंतर लहान मापाच्या व प्लास्टिकच्या गाड्या आल्या आणि पत्र्याच्या गाड्या माळ्यावर गेल्या. त्या खाली उतरविल्या त्या वाढलेल्या मुलांनी. अमेरिकेत १९५४ साली अशा संग्राहकांची संघटना स्थापन झाली. इंग्लंडमध्ये हॉर्नबीच्या गाड्या जमविणाऱ्यांनी १९६९ साली आपली संघटना काढली. वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेतील नामवंत चित्रकार वॉर्ड किंबल हे जुन्या खेळण्यांतील गाड्या तर जमवीतच, पण १९३८ साली त्यांनी चक्क खरे वाफेचे इंजिन विकत घेऊन घरामागे रूळ टाकले! ही ओढ नेहमीच इतकी निष्पाप राहत नाही. २००५ सालच्या जानेवारीत गॉपिंगेनच्या मेर्क्लिन संग्रहालयातून शंभरावर जुनी इंजिने व डबे चोरीस गेले. सुदैवाने काही महिन्यांतच ते परत मिळाले.

या छंदात एक विसंगतीही आहे. ज्या गाडीशी कोणी खेळले नाही, जिची पेटीसुद्धा कोरी राहिली, तिला सर्वांत अधिक किंमत येते. म्हणजे खेळणे म्हणून जे वाया गेले तेच संग्रहात अमोल ठरते. परंतु त्याबरोबर एक चांगला दंडकही आहे. खरचटलेल्या गाडीला नवा रंग देणे जाणकार संग्राहक दोष मानतो. मूळ रंग, मग तो अर्धा उडालेला का असेना, तसाच ठेवतो. आणि काही बाबतींत त्याचा इलाज चालतच नाही. त्या काळी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव चाके करीत. त्या धातूत शिशाचा अंश राहिला असेल, तर चाके वर्षानुवर्षे आतून फुगतात, तडकतात व शेवटी त्यांचा भुगा होतो. या रोगास औषध नाही.

चांगला संग्राहक वस्तू वाचावयास शिकतो, आणि शिक्षकांच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. बिंगच्या डब्यावर जुन्या खुणेतील ‘जीबीएन’ ही अक्षरे असली तर तो महायुद्धाच्या काळापर्यंतचा, ‘बीडब्ल्यू’ असली तर त्यानंतरचा. पुढे ती अक्षरेही थांबतात, कारण जागतिक मंदीत, १९३२ च्या सुमारास, तो कारखाना कोसळला. न्युरेंबर्गच्या खेळण्यांच्या धंद्यात अनेक ज्यू कुटुंबे होती. टिप कंपनीचे फिलिप उलमन यांना १९३३ साली देश सोडून इंग्लंडला जावे लागले व तेथे त्यांनी मेटॉय नावाची नवी कंपनी काढली. डॉल कंपनी तिच्या ज्यू मालकांच्या हातून १९३८ साली गेली. खेळण्याच्या बुडाशी छापलेल्या दोन अक्षरांवरून माणूस येथवर येऊन पोहोचतो. मात्र त्यासाठी ती अक्षरे कोणती व ती का बदलली, असे विचारण्याची सवय लहानपणी लागलेली असावी लागते.

काडेपेटीचे छाप जमविणाऱ्या मुलाजवळ तीस छाप असतील. त्यांपैकी कोणत्या गावचे किती, एकाच वाघाच्या चित्रात कोठे फरक आहे, हे त्याला बहुधा ठाऊकही असते. ते कोणी विचारीत नाही एवढेच. मेजाच्या खणातील वस्तू शनिवारी परत देऊन त्यांची वर्गवारी वर्गासमोर करण्यास सांगावे. कोणाचे किती, यापेक्षा कोणास काय सांगता येते, याकडे लक्ष असावे. नाहीतर ज्याच्या घरी पैसा अधिक त्याचाच संग्रह श्रेष्ठ ठरेल, आणि गरीब मुलगा दुसऱ्याच्या खिशात हात घालील. कोणी घरचे जुने रंगीत पत्र्याचे खेळणे आणले, तर जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून ते तोंडात घालू देऊ नये व हात धुवावयास लावावेत.

वरच्या वर्गांत याच विषयावर प्रमाणाचे गणित घेता येईल. युरोपातील प्रमाण रुळांचे अंतर १४३५ मिलिमीटर, तर हॉर्नबीच्या या गाडीच्या रुळांचे अंतर ३२ मिलिमीटर. म्हणजे खेळणे सुमारे ४५ वा भाग झाले. भारतातील रुंद मार्गाचे अंतर १६७६ मिलिमीटर आहे. त्याच प्रमाणात आपली गाडी करावयाची तर रूळ किती अंतरावर हवेत, हे मुलांनी काढावे. १८ मीटर लांबीचा डबा घेतल्यास खेळण्यात तो ४० सेंटिमीटर यावयास पाहिजे. पण त्या काळच्या पत्र्याच्या डब्यांची चित्रे पाहिली तर ते आखूड, ठेंगणे व गमतीदार दिसतात. कारखानदाराने प्रमाण का मोडले, असे मुले विचारतील. उत्तर सांगू नये. सुतळी व खडू देऊन शाळेच्या फरशीवर दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ काढण्यास सांगावे. या गाड्यांना घरातल्या घरात एवढ्याच वळणावरून फिरावे लागे. मग ४० सेंटिमीटर लांबीची पट्टी दोन्ही टोके वर्तुळाच्या रेघेवर टेकवून ठेवावी, आणि मधला भाग रेघेपासून किती आत जातो ते मुलांना मोजू द्यावे.