विश्रांतीतील ऊर्जा आणि किनाऱ्यावरील श्रमिक स्त्री

रायगडच्या किनाऱ्यावर कोळी, आगरी, कातकरी, कोकणी मुसलमान अशा विविध समाजांच्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या कष्ट करीत आल्या आहेत. कोणी बंदरावर उतरलेली मासळी पाटीतून बाजारात नेते, कोणी जवळा-बोंबील सुकविते, कोणी भाताची लावणी करते. अशा स्त्रीला दिवसाकाठी किती अन्न लागते, याचा हिशेब मात्र तिच्या कामापासून नव्हे, तर विश्रांतीपासून सुरू होतो.

माणूस स्वस्थ पडून असला तरी हृदय, मेंदू, यकृत यांचे कार्य चालूच असते. त्यासाठी खर्च होणारी ऊर्जा म्हणजे मूलभूत चयापचय होय. सकाळी उपाशीपोटी, जागेपणी निश्चल पडलेल्या व्यक्तीने किती प्राणवायू वापरला, यावरून ती मोजतात. एक लिटर प्राणवायूमागे सुमारे ४.८ उष्मांक खर्च होतात. ही मोजणी गावोगावी शक्य नसल्याने वजन व वय यांवर आधारलेली सूत्रे वापरली जातात.

सूत्रे कोणावरून बनली?

हॅरिस व बेनेडिक्ट यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेले सूत्र अमेरिकेतील १३६ पुरुष व १०३ स्त्रिया यांच्या मोजणीवर आधारलेले होते. एलेनॉर मेसन यांनी बेनेडिक्ट यांच्यासह दक्षिण भारतीय स्त्रियांची मोजणी करून १९३१ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा त्यांचा चयापचय अमेरिकन प्रमाणापेक्षा कमी आढळला. पुढे १९६४ मध्ये मेसन व त्यांच्या सहकाऱ्यांचा मुंबईतील भारतीय व युरोपीय स्त्रियांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चयापचयाबरोबर शरीराच्या घडणीचाही विचार होता. संयुक्त राष्ट्रांच्या संघटनांनी १९८५ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रांमागील माहितीत तर जवळजवळ निम्म्या नोंदी इटालियनांच्या होत्या. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८९ मध्ये ती सूत्रे ५ टक्क्यांनी कमी करून घेतली.

मग हा फरक वंशाचा मानावा काय? भारत व ऑस्ट्रेलिया येथील मोजण्यांची तुलना करणारा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीरातील चरबी वगळून उरणारे वजन लक्षात घेतले असता वंशाचा स्वतंत्र प्रभाव त्यात आढळला नाही. स्नायू व अंतर्गत अवयव ऊर्जा अधिक वापरतात, चरबी फार थोडी. मूळ प्रश्न शरीराच्या घडणीचा आहे, जातीचा वा वंशाचा नव्हे.

एक उदाहरण

४५ किलो वजनाची, ३५ वर्षे वयाची स्त्री घेऊ. १९८५ च्या सूत्राने (८.७ × वजन + ८२९) तिची मूलभूत गरज सुमारे १,२२० उष्मांक येते, भारतीय सूत्राने (८.३ × वजन + ७८८) सुमारे १,१६०. फरक केवळ ६० उष्मांकांचा. आता कामाचा विचार करू. बैठ्या कामासाठी भारतीय सूत्राच्या आकड्यास १.५३ ने गुणले तर सुमारे १,७८०, आणि जड कष्टांसाठी २.३ ने गुणले तर सुमारे २,६७० उष्मांक होतात. म्हणजे श्रमामुळे पडणारा फरक जवळजवळ ९०० उष्मांकांचा आहे!

सूत्र वापरताना आणखी एक सावधगिरी हवी. हीच स्त्री कुपोषणामुळे ३८ किलोची झाली, तर सूत्र तिची मूलभूत गरज सुमारे १,१०० उष्मांक दाखवील. तेवढ्यावरच तिचा आहार बेतला तर तिची कृशता कायम राहील. म्हणून आहार ठरविताना आजचे घटलेले वजन नव्हे, तर तिच्या उंचीस योग्य असे वजन धरावे. गर्भवतीस रोज ३५० व स्तनदा मातेस पहिले सहा महिने ६०० उष्मांक अधिक लागतात, हेही विसरू नये.

सूत्रांतून मिळते ती समूहाची सरासरी. प्रत्येक स्त्रीची नेमकी गरज नव्हे. अंगणवाडी सेविकेने वा आरोग्य कार्यकर्तीने म्हणूनच प्रथम वय, वजन, उंची व काम विचारावे. घरातील मंडळींनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पहाटेपासून पाटी वाहणारी बाई सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेसुरले खाते, तेव्हा सूत्र कितीही अचूक असले तरी तिच्या ताटातील तूट भरून निघत नाही. ती भरून काढण्याचा आरंभ घरातील पंगतीपासूनच झाला पाहिजे.