पिल्लाच्या शिकवणीचा हिशेब

जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्यात कुत्रं पाळणं नवं नाही. मळ्यातल्या प्रत्येक वस्तीवर एक तरी असतंच. ते अंगणात वाढतं, बांधावर जाऊन मोकळं होतं आणि त्याला कुणी काही शिकवायला बसत नाही. आता मात्र स्लॅबच्या घरात, फरशीवर, सोफ्याशेजारी राहणारी लहान कुत्री आली आहेत. पामेरियन सगळ्यांत जास्त, त्यामागून पग, ल्हासा, शिह त्झू. या कुत्र्याला दाराबाहेरचं जग आपोआप मिळत नाही, म्हणून त्याला शिकवावं लागतं. मग दोन-तीन ठिकाणी शू झाली, पाहुण्यांच्या धोतराला दात लागले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘ट्रेनर लावायचा का, आणि तो घेतो किती?’

आधी आकडा सांगते. पिल्लू घरी आल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत लस, सामान, खाऊ आणि शिकवणी मिळून साडेआठ ते साडेदहा हजार रुपये धरावेत. त्यात शिकवणाऱ्याचा वाटा तीन ते चार हजारांच्या वर जाऊ देऊ नये. हे आकडे अंदाजाचे आहेत. डॉक्टर, दुकान आणि पेट्रोल यांप्रमाणे ते वरखाली होतील, म्हणून पैसे देण्याआधी फोन करून विचारावं.

पिल्लाच्या किमतीत मी शिरत नाही, पण एक गोष्ट वयाची आहे. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. महिन्याभराचं पिल्लू ‘लवकर नेलं की लवकर लळा लागतो’ असं सांगून कुणी देत असेल तर घेऊ नका. आई आणि भावंडांबरोबरच्या त्या शेवटच्या आठवड्यांतच पिल्लू दात किती जोरात लावायचे ते शिकतं. ते तिथे शिकलं नाही तर पुढे तुमच्या मुलांच्या हातांवर शिकतं, आणि ती शिकवणी महाग पडते.

पहिला खर्च लसींचा. साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो वगैरेंची एकत्र लस सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा दिली जाते. खाजगीत एका डोसला सातशे ते हजार रुपये. तीन महिने पूर्ण झाले की रेबीजची लस, तीनशे-चारशे, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर. जंताचं औषध धरून एकूण तीन ते पावणेचार हजार. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फी नाममात्र असते, पण तिथला सगळा दिवस गाई-म्हशींचा असतो आणि कुत्र्याची लस शिल्लक असेलच असं नाही. बाहेरून घेऊन जायची असेल तर ती बर्फाच्या पिशवीतूनच न्या. डब्यात टाकून उन्हातून नेलेली लस टोचली काय आणि न टोचली काय, सारखंच.

लसीचा शिकवणीशी काय संबंध, असं वाटेल. पिल्लाच्या तीन ते बारा-चौदा आठवड्यांच्या वयात जे दिसेल, ऐकू येईल, ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. नेमक्या याच काळात लसी अपुऱ्या असतात, म्हणून लोक पिल्लाला घरात कोंडतात. मधला रस्ता सोपा आहे. पहिली लस होऊन आठवडा उलटला की पिल्लाला कडेवर घेऊन हिंडवा, जमिनीवर ठेवू नका. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजाराइतकी चांगली शाळा पुण्याच्या कुठल्या क्लासला मिळणार नाही. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा, टेम्पोचे हॉर्न, घासाघीस करणारी माणसं, भज्यांचा वास, सगळं एका जागी. बाजाराच्या कडेला दहा मिनिटं उभं राहा, पिल्लू शांत असताना खाऊ द्या आणि घरी या. अंग चोरायला लागलं तर आणखी मागे सरा. जबरदस्तीने बैलाजवळ नेऊन ‘भीती मोडण्याचा’ प्रयोग करू नका. त्याने भीती मोडत नाही, पक्की होते.

सामानाला हजाराच्या वर लागत नाही. छातीवरून बसणारा हार्नेस साडेतीनशे-चारशे, कारण लहान कुत्र्याची श्वासनलिका नाजूक असते आणि गळ्याला हिसका बसला की ते ठसकायला लागतं. हातातला पट्टा दोनशे. एवढं ऑनलाइन किंवा नारायणगाव, आळेफाट्याच्या दुकानांतून घ्या. बाकीचं बाजारातच मिळतं. ‘ये’ म्हटल्यावर यायला शिकवायची लांब दोरी ऑनलाइन पाचशेला मिळते, आपल्याकडे बैलाचा पातळ सुती कासरा शंभर-सव्वाशेत येतो आणि हातालाही कापत नाही. झोपायच्या जागेसाठी टोमॅटोचा वीस किलोचा जुना कॅरेट आडवा करून त्यात गोधडीची घडी घाला. पिल्लाला तीन बाजू बंद आणि एक उघडी अशी जागा मनापासून आवडते. पुढे ‘जागेवर’ हा शब्द याच कॅरेटवर शिकवायचा आहे.

खाऊला महिन्याला चारशे-पाचशे. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे, उकडलेलं अंडं, थोडं पनीर. तुकडा लहानच हवा, नाहीतर दहा वेळा बसवून होण्याआधी पोट भरतं. या भागातल्या घरांनी एक जपावं: द्राक्षं आणि मनुका कुत्र्याला विषासारख्या आहेत, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कांदा-लसणाने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ज्या तालुक्यात घरामागे कांद्याची बराखी आणि पुढे द्राक्षाची बाग असते, तिथे ‘सोड’ हा शब्द शिकवणं हा लाड नाही, औषध आहे. मुठीत तुकडा धरा, पिल्लू चाटेल, ओरबाडेल, तुम्ही गप्प राहा. ज्या क्षणी ते तोंड मागे घेईल त्या क्षणी ‘सोड’ म्हणा आणि दुसऱ्या हातातला तुकडा द्या. आठवड्याभरात कळतं.

आता शी-शू. सगळ्यात जास्त कुत्री याच कारणावरून अंगणात साखळीला जातात, म्हणून इथे थांबते. पिल्लाला जितके महिने, त्यात एक मिळवला तर साधारण तितके तास ते दिवसा धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. त्यातही झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच नेलं पाहिजे. दर वेळी त्याच जागी, त्याच दारातून. झालं की तिथेच, दोन सेकंदांच्या आत खाऊ. घरात येऊन डबा उघडून दिलेला खाऊ त्याला दार ओलांडल्याचं बक्षीस वाटतो. घरात झालं तर काही बोलू नका. तोंड शूत घासणं, चपलेने मारणं यातून पिल्लू एकच शिकतं: माणसांदेखत शू करायची नाही. मग ते कपाटामागे जातं आणि बाहेर तुमच्यासमोर करायलाही घाबरतं. फरशी आधी साध्या साबणाने धुवा, मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा. वास राहिला तर तीच जागा पुन्हा ठरते. अमोनिया असलेलं क्लीनर टाळा, शूचा वास त्याच जातीचा. तीन महिन्यांचा हा खर्च दोन-तीनशेच्या घरात.

पुस्तकांत आणि व्हिडिओंत सांगतात की रात्री अकराला आणि पहाटे चारला पिल्लाला बाहेर न्या. बेल्ह्यात हे करू नका. जुन्नर वन विभागात बिबट्या उसात राहतो, माणिकडोहला त्याचं निवारा केंद्र आहे, आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. चार-पाच किलोचं पिल्लू आणि ते नेणारं माणूस, दोघांसाठीही अंधारातलं अंगण धोक्याचं आहे. त्याऐवजी दिवसा जिथे नेता तिथली माती घमेल्यात भरा आणि घमेलं रात्री न्हाणीजवळ ठेवा. वास ओळखीचा असल्याने पिल्लू चार-पाच दिवसांत ते धरतं. संध्याकाळचं जेवण सातच्या आत, शेवटची बाहेरची फेरी दिवेलागणीला, नंतर दार बंद. आसपास बिबट्या दिसला तर वन खात्याचा १९२६ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

रात्रीच्या भुंकण्याचंही इथे वेगळं गणित आहे. शहरात भुंकणं बंद करायला पैसे देतात. मळ्यातल्या घरात ते भुंकणं कामाचं असतं, ते मारून टाकू नका. खिडकीपर्यंत जा, बाहेर पाहा, ‘पुरे’ म्हणा, गप्प बसलं की तुकडा द्या. आपण दखल घेतली हे कळलं की ते थांबायला शिकतं. गावठाणात भिंतीला भिंत असेल तर हे जास्त नेटाने करावं लागतं.

शिकवणाऱ्याला पैसे कधी द्यायचे? पुण्याहून घरी येणारे ट्रेनर शहरात महिन्याच्या पॅकेजचे आठ ते पंधरा हजार घेतात. बेल्हं पुण्याहून जवळपास शंभर किलोमीटर, रोज कुणी येणार नाही. म्हणून काही जण महिनाभर कुत्रं स्वतःकडे ठेवून ‘तयार करून’ देतात, पंधरा-वीस हजारांना. आमच्या नात्यातल्या एका घराने हे केलं. पामेरियन महिन्याने परत आलं ते इंग्रजी ‘सिट’ वर बसणारं आणि केरसुणी उचलली की कॉटखाली शिरणारं. घरातल्या आजी त्याला ‘बस गं बाई’ म्हणायच्या, सून ‘खाली’, नातू ‘सिट डाऊन’. दोन आठवड्यांत त्याने बसणं सोडलं, केरसुणीची भीती मात्र सुटली नाही. पैसे कुत्र्यावर गेले आणि शिकायचं राहिलं ते घर.

म्हणून मी सांगते, शिकवणारा कुत्र्यासाठी नाही, माणसांसाठी बोलवा. जाण्यायेण्यासह दीड ते दोन हजारांची एक फेरी, अशा दोन फेऱ्या. मध्ये अडलं तर व्हिडिओ कॉल, त्याचे तीनशे-पाचशे. ठरवण्याआधी विचारा: चूक झाली तर तुम्ही काय करता? उत्तरात काठी, गळा आवळणारी साखळी किंवा ‘त्याला मालक कोण ते दाखवतो’ असं आलं तर फोन ठेवा. पट्टा तुमच्या हातात देऊन तुम्हालाच शिकवणारा माणूस चांगला. शिकवताना तुम्हाला खोलीबाहेर बसायला सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

तो येण्याआधी घराने एक कागद करावा. बस, थांब, ये, सोड, पुरे, जागेवर. सहा शब्द, फ्रिजवर चिकटवा आणि सगळ्यांनी तेच वापरा. आजींच्या तोंडात जो शब्द बसतो तोच ठेवा, दिवसभर कुत्र्याजवळ त्याच असतात. एकेका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. बसायला शिकवणं सगळ्यांत सोपं: तुकडा नाकावरून मागे न्या, मान वर जाते, बूड टेकतं. ‘ये’ ला वेळ लागतो, त्यासाठीच तो कासरा. आणि ‘ये’ म्हणून बोलावून कधीही रागावू नका किंवा आंघोळीला नेऊ नका, नाहीतर तो शब्द कायमचा फुकट जातो.

दिवसभर साखळीला बांधून ठेवणं हा काही जणांना बिनखर्चाचा उपाय वाटतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणंही. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा करून माणसाला धोका होऊ दिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पिल्लाचा दात मुलाला लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. ‘घरचंच आहे’ म्हणून थांबू नका.

शिकवणाऱ्याची पहिली फेरी पिल्लू घरात रुळल्यावर, दहा-बारा दिवसांनी ठेवा. दुसरी त्यानंतर सहा आठवड्यांनी, तेव्हा दात पडत असतात आणि चपला, वायरी चावण्याचा जोर वाढलेला असतो. दोन्ही वेळा रविवार मागून घ्या, म्हणजे शाळेतली मुलं आणि शेतावरची माणसंही हजर राहतील. सोमवार नको, बाजाराच्या दिवशी बेल्ह्यात कुणी घरी सापडत नाही.