माठ, मुंग्या आणि गोळ्या

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मला ऑक्झालिप्लॅटिनचं सलाईन लागायचं. दर पंधरा दिवसांनी परभणीहून तपोवन एक्सप्रेसनं संभाजीनगर. त्या वाऱ्यांत शिकलो ते असं :

१. पहिल्या सलाईननंतर घरी येऊन माठातलं तांब्याभर पाणी प्यायलो. घशात बाभळीचा काटा रुतल्यासारखं झालं. हे औषध चालू असताना गार काही सोसत नाही. त्यात परभणीचा डिसेंबर. कृषी विद्यापीठातलं नीचांकी तापमान रोज पेपरात छापून येतं! पाणी कोमट प्यायचं, पहाटे लोखंडी कडीला हात लावायचा नाही. ही टोचणी मात्र काही दिवसांत ओसरायची.

२. हातापायांतल्या न ओसरणाऱ्या मुंग्या वेगळ्या, त्या औषधानं नसा बिघडल्याच्या. सहाव्या सलाईनला शर्टाचं बटण लागेना, चप्पल पायातून निसटली तरी कळेना. मी डॉक्टरांपासून लपवलं. औषध बंद केलं तर आजार उलटेल, ही भीती. याहून मोठा मूर्खपणा मी केलेला नाही. कारण डोस कमी करणं, पुढं ढकलणं, किंवा ऑक्झालिप्लॅटिन तेवढं थांबवून बाकीची औषधं चालू ठेवणं, नसा वाचवायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच.

३. जोडीला काहीतरी घ्या, असं येणारा-जाणारा सांगतो. मीही नसांच्या ताकदीची गोळी मेडिकलमधून आणली होती. डॉक्टरांनी पाकीट वाचलं आणि टेबलावरच ठेवून घेतलं. त्यातलं बी-६ जीवनसत्त्व फार झालं तर तेच नसा बिघडवतं. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या सलाईनवर आधी बऱ्याच डॉक्टरांची भिस्त होती. २०१४ च्या मोठ्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. ॲसिटिल-एल-कार्निटिननं तर २०१३ च्या चाचणीत, टॅक्सेन गटातली कॅन्सरची औषधं घेणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांचा नसांचा त्रास वाढला. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्येही, नसांचं नुकसान टाळायला म्हणून एकाही औषधाची शिफारस केली नाही.

४. झालेल्या वेदनेवर मात्र एक गोळी आहे, ड्युलोक्सेटिन. मूळची नैराश्याची. चिठ्ठी बघून मेव्हणा म्हणाला, “दाजी, तुम्हाला वेड लागलं का काय?” तळपायाची आग कमी झाली, झोप लागली. बधिरपणा होता तसाच राहिला.

५. सलाईन संपल्यावरही दोन-तीन महिने मुंग्या वाढतच गेल्या. असं होतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या सलाईनला निघताना शर्टाचं बटण स्वतःच्या हातानं लावून बघा. लागलं नाही, तर सुई टोचायच्या आधी डॉक्टरांना सांगा.