भावकी काय म्हणेल?



आजोबा जातात. दहाव्याला कायगाव टोक्याला गोदावरीच्या काठी सगळी भावकी जमणार असते आणि वाळूजला कंपनीत असलेला नातू आदल्या रात्री सांगतो, ‘मी येतो, पडेल ते काम करतो, पण केस काढणार नाही आणि पिंडाला हात लावणार नाही.’ दुसऱ्या एका घरी सून महानुभाव कुटुंबातली असते, ती खंडोबाची तळी उचलायला नको म्हणते. तिसऱ्या घरी संभाजीनगरला शिकणारी मुलगी म्हणते, माझं लग्न सत्यशोधक पद्धतीनं लावा. प्रकरण कोणतंही असो, आपल्या तोंडून पहिलं वाक्य एकच निघतं : लोक काय म्हणतील?

या वाक्याला हसणाऱ्यांतली मी नाही. गंगापूर तालुक्यात काय किंवा आणखी कुठे काय, गावात राहायचं तर माणसं लागतात. बांध सामाईक असतो, विहिरीवर पाळी असते. लग्नात वाढायला भावकीच येते, मयतीला खांदाही तीच देते. अशा ठिकाणी चार माणसांच्या नजरेची भीती वाटणं हा भित्रेपणा नाही, तो संसाराचा हिशेब आहे. पण लोक बोलतात ते वेगळं आणि त्यांचं बोलणं उचलून आपण घरात मुलाला ऐकवतो ते वेगळं. पारावरचा टोमणा पोरं पचवतात. तोच टोमणा आईच्या तोंडून आला की त्याला ‘ते लोक असेच’ म्हणून झटकता येत नाही. मग पोरगं घरी यायचं कमी होतं, फोनवर ‘बरं आहे’ एवढंच बोलतं.

आपल्याच मुलखातलं उदाहरण घ्या. पैठणजवळचं आपेगाव हे ज्ञानेश्वरांच्या वाडवडिलांचं गाव. त्यांचे वडील विठ्ठलपंत यांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेनं ते पुन्हा संसारात आले. एवढ्यावरून आळंदीच्या ब्रह्मवृंदानं घर वाळीत टाकलं. परंपरा सांगते, की मुलांची तरी मुंज व्हावी म्हणून ब्रह्मवृंदानं सांगितलेलं देहान्त प्रायश्चित्त विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी स्वीकारलं. लोकांचं समाधान व्हावं म्हणून आईबापांनी जीव दिला. समाधान झालं का? नाही. त्यानंतरही त्या चार पोरांना पैठणला जाऊन शुद्धिपत्र मागावं लागलं. कायगावचा पूल ओलांडून पुढे गेलं की नेवासं लागतं. तिथे शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, त्यांतल्याच एका मुलानं गीतेवरची मराठी टीका सांगितली. आज आपण पारायणाला बसतो ती हीच ज्ञानेश्वरी. लोकांना पुरं पडायचं ठरवलं तर किती दिलं म्हणजे पुरेल, याला अंत नसतो, एवढं या कथेतून घ्यावं.

त्याच पैठणात पुढे अडीच-तीनशे वर्षांनी एकनाथांच्या घरी उलटं घडलं. इथे चालीरीतीबाहेर वागणारा होता बाप, आणि लोकांची बाजू घेणारा मुलगा. हरिपंडित शास्त्र शिकलेले. वडील मराठीत कीर्तन करतात, कुणाच्याही घरी जेवतात, हे त्यांना सहन होईना. ते रागावून काशीला निघून गेले. नाथांनी काय केलं? चरित्रकार सांगतात, की ते स्वतः मुलाला आणायला गेले. मराठीत सांगायचं नाही आणि बाहेर जेवायचं नाही, या त्याच्या दोन्ही अटी त्यांनी मान्य केल्या. वादात मुलाला हरवणं त्यांना अवघड नव्हतं, पण वाद जिंकला असता तरी मुलगा काशीलाच राहिला असता. पुढे हरिपंडितांचं मन पालटलं, ते एका घरी राहिल्यामुळे. मत न सोडताही माणूस धरून ठेवता येतो, हे नाथांना कळलं होतं. आपल्याला तेवढंच शिकायचं आहे.

आता रोजच्या व्यवहाराचं बोलू. पाहुण्यांनी विचारलं, ‘तुमचा पोरगा देव मानत नाही म्हणे?’ तर वकिली करू नका आणि माफीही मागू नका. ‘त्याचं त्यानं ठरवलंय. आमचं देवघर चालू आहे, आणि तोही आमचाच आहे,’ एवढं म्हणून चहा ठेवा. मुलासमोर एक बोलून मागे दुसरं बोलू नका. पोरांना ते कळतंच. भाऊबंदांना घरी बोलावून मुलाला चारचौघांत समजवायला तर मुळीच लावू नका. त्यातून कोणी समजत नाही, फक्त अपमान होतो.

आणि मनात खोल दडलेली भीती उघड बोलून टाका. ‘आमच्या माघारी आमचं कोण करील?’ हा खरा प्रश्न असतो. लोक हे निमित्त. मुलाला सरळ सांगा, ‘माझा दहावा टोक्यालाच व्हावा अशी माझी इच्छा आहे. तुझा विश्वास नसेल, पण माझ्यासाठी तू काय करशील?’ हुकूम मोडणारी पोरं अशा प्रश्नापुढे थांबून विचार करतात. मुलाकडूनही एक मागणं रास्त आहे : आपल्या देव्हाऱ्याची टिंगल नको. समाजसुधारक आगरकर देवधर्म न मानणारे. त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यापर्यंत पुण्यातल्या लोकांची मजल गेली. पण पत्नी यशोदाबाईंच्या पूजाअर्चेच्या आड ते आले नाहीत.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. वेगळा विश्वास आणि फसवणूक यांत फरक आहे. मुलगा कुणा बाबाच्या नादानं औषध बंद करू लागला, पगार तिकडे देऊ लागला, घरच्यांशी बोलायला त्याला मनाई झाली, तर तिथे मोकळीक देऊन गप्प बसू नका. अघोरी प्रकारांसाठी राज्यात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

आणि भावकी बोलण्यावर न थांबता वाळीत टाकायला निघाली तर? पाणी तोडलं, लग्न-मयतीला जाऊ नका असं फर्मान काढलं, जातपंचायतीनं दंड ठोकला, तर ते लोकांचं बोलणं राहत नाही, तो गुन्हा होतो. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2016 मध्ये मंजूर होऊन जुलै 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. तक्रार पोलिसांत देता येते किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. विठ्ठलपंतांना दाद मागायला जागा नव्हती. तुम्हाला गंगापूरचं पोलीस ठाणं आहे.

पण बहुतेक घरांत गोष्ट तिथवर जात नाही. चार महिने लोक बोलतात, मग त्यांना दुसरा विषय मिळतो. त्या चार महिन्यांत तुम्ही कुणाच्या बाजूला उभे होता, हे पोरगं विसरत नाही. म्हणून पुढच्या वेळी जिभेवर ‘लोक काय म्हणतील’ आलं, की ते गिळा आणि त्याऐवजी विचारा, ‘तुला असं का वाटतं, सांग बरं.’ उत्तर पटेलच असं नाही. ते पुरतं ऐकून घ्या, मग तुमचं म्हणणं मांडा, आणि दोघं मिळून जेवायला बसा.