मुलांना समुद्रावर नेताना : अष्टागरातले कानमंत्र

मे महिन्याची सुट्टी लागली की नातवंडं आमच्या अष्टागरात, म्हणजे अलिबाग, नागाव, रेवदंड्याकडे, आणि पुढे मुरूड, श्रीवर्धनकडे येऊ लागतात. सोबत बॅगा भरून कपडे येतात आणि त्यातले निम्मे आमच्या हवेत अंगावर ठेवता येत नाहीत. लेकी-सुनांनो आणि मुलांना समुद्रावर नेणाऱ्या बाबांनो, हे शहाणपण आमच्या घरात सासूकडून सुनेकडे आलं आहे. डॉक्टरांकडून आणि कोळी शेजाऱ्यांकडून कळलेल्या गोष्टी त्यात मी घातल्या आहेत. सगळ्याचं सार एकच आहे : आपल्या किनाऱ्यावर मुलाचा कपडा उन्हाइतकाच घामाचा विचार करून निवडायचा.

घाटावरचं ऊन इथे आणू नका

घाटावर पारा 40 गाठतो, पण हवा कोरडी असते. घाम आला की लगेच उडून जातो. इथे पारा बहुधा 33-34वर थांबतो आणि म्हणून आईबाप निर्धास्त होतात. पण खाऱ्या हवेत दमटपणा इतका असतो की घाम अंगावरच राहतो. घाम वाळला तरच अंग थंड होतं. तेव्हा कपड्याची परीक्षा एकच, त्यातून वारा खेळतो का? जीन्स, घट्ट लेगिंग, चमकीचे नायलॉनचे फ्रॉक, जाड छापील टी-शर्ट घरीच ठेवा.

मलमल, वॉयल, पातळ खादी असं विरविरीत सुती कापड घ्या. काखेत आणि गळ्याशी सैल असू द्या. कोऱ्या कपड्याला खळ असते. तो टोचतो आणि घामही टिपत नाही, म्हणून दोन-चार धुण्यांनी मऊ झाल्यावरच घाला. तान्ह्या बाळाला जुन्या धोतराचं किंवा साडीचं झबलं शिवा, बंद पाठीवर सैल बांधा. मान, पाठ, कोपराची खोबण, जिथे कपडा चिकटतो तिथेच घामोळं उठतं. त्यावर पावडरचे थर देऊ नका. गार पाण्याने आंघोळ घाला, अंग टिपा आणि बाळाला थोडा वेळ उघडं खेळू द्या.

मेचा सूर्य डोक्यावर असतो

मेच्या मध्यावर आपल्या किनाऱ्यावर शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. नुसत्या पुढे झडप असलेल्या टोपीने कपाळ झाकतं, कान आणि मान भाजतात. चारी बाजूंनी रुंद काठ असलेली सुती टोपी घ्या. समुद्राच्या वाऱ्याने ती उडते म्हणून हनुवटीखाली दोरी लागतेच, पण गाठ मारू नका. झाडाला किंवा होडीच्या खुंटीला दोरी अडकली तर गळ्याला फास बसतो. ओढताच सुटणारं बटण किंवा ढिलं इलॅस्टिक बरं. टोपीखाली ओला रुमाल ठेवलात तर मूल कुरकुरत नाही.

सकाळी 11 ते दुपारी 4 मुलं पुळणीवर नकोत. तेवढा वेळ वाडीत, नारळी-पोफळीच्या सावलीत खेळू द्या. उघड्या अंगाला सनस्क्रीन बाहेर पडण्याआधी 20 मिनिटं लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र ते लावू नका. त्याला सावली आणि पातळ झबलं पुरे. बाळाचे कान बांधायची आपली जुनी सवय थंडीपावसासाठी ठीक आहे, मे महिन्यात कुंची काढून ठेवा.

पाण्यात वेगळा कपडा, वेगळा रंग

सुती कपडा कोरडा असेपर्यंत गुणाचा. भिजला की जड होतो, मुलाला खाली ओढतो. पातळ पांढरा सदरा ओला झाला की ऊनही जास्त आत सोडतो. पाण्यात पूर्ण बाह्यांचा, अंगासरसा, पोहण्यासाठीच शिवलेला सदरा घाला. मघाशी ज्याला नको म्हटलं, तो नायलॉनचा कपडा इथे कामाचा.

रंगाकडे तर फार लक्ष द्या. निळा, हिरवा, राखाडी रंग पाण्यात मिसळून जातो, पांढरा फेसात हरवतो. भडक केशरी, पोपटी, झगझगीत गुलाबी रंग लांबून ओळखू येतो. काशीद-नागावच्या गर्दीत डोळ्यांनी मूल शोधायचं असतं, तेव्हा आवडता रंग कोणता हा विचार नंतरचा. आणि रंग कितीही भडक असला तरी हाताच्या अंतरावर मोठं माणूस हवंच.

पाण्यातून आल्यावर ओल्या कपड्यात बसवून खाऊ घालत बसू नका. मीठ आणि वाळू मिळून जांघा सोलून काढतात. आधी गोड्या पाण्याने अंग धुवा, कोरडी चड्डी घाला, जांघेत खोबरेल लावा. साधं डायपर पाण्यात फुगून लोंबतं, म्हणून पाण्यात नेण्याआधीच काढा. पिशवीत प्रत्येक मुलामागे कोरड्या कपड्यांचे दोन जोड असू द्या.

पायात काय

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं. वाटेत खडक आहेत आणि खडकांना कालवं चिकटलेली असतात. त्यांची धार सुरीसारखी कापते. अनवाणी नेऊ नका आणि अंगठ्याच्या चपलाही नकोत, त्या चिखलात रुततात आणि शेवाळावर घसरतात. टाचेमागे पट्टा असलेले रबरी तळाचे सँडल घाला.

निघण्याआधी भरतीचा हिशोब करा. तिथीची पाऊणपट काढली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाजच आहे, म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाला विचारूनच पाय टाका आणि पाणी भरू लागण्याआधी परत फिरा.

राजपुरीहून जंजिऱ्याला होडीने जाताना, होडीत चढता-उतरताना सँडल पायातच ठेवा. जीवरक्षक जाकीट पातळ कपड्यावर घालून सगळे पट्टे आवळा. मग दोन्ही खांदे धरून वर उचलून पाहा. जाकीट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, मुलाच्या मापाचं मागून घ्या. ते मिळत नसेल तर पुढची होडी पकडा.

वाडीत आणि रानात

कैरीचा चीक ओठ भाजतो. काजूच्या बोंडाचा डाग कपड्यावरून जात नाही आणि कच्च्या बीचं तेल कातडी पोळतं. वाडीत हुंदडायला जुने, गडद कपडे वेगळे ठेवा आणि डागांवरून मुलांना बोलू नका.

मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात नेणार असाल तर समुद्रावरचा नियम उलटा करा. तिथे खाकी, मातकट, पाचोळ्यासारखे रंग घाला, म्हणजे शेकरू दिसण्याची आशा. कापड पातळच, पण बाह्या पूर्ण, पँट घोट्यापर्यंत आणि मोजे पँटवर चढवलेले असू द्या. करवंदीच्या जाळ्या ओरखडतात, गवतातून गोचीड चढतात. उन्हाळ्यात खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात. त्यांची कुसं लागली तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ती उपटून काढा, कपडे बदला आणि ते वेगळे धुवा.

काढून ठेवायचं आणि लिहून ठेवायचं

पैंजण, बाळी, गळ्यातली साखळी, दंडातली वाकी घरी ठेवा. वाळूत हरवण्याची भीती आहेच, शिवाय जाळ्यात किंवा दोरात अडकण्याचा धोका मोठा. कपड्याच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने आपला फोन नंबर लिहा. मुलाचं नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका. दिवेलागणीला डास उठतात, तेव्हा पुन्हा सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि पायजमा घाला.

उन्हाचा त्रास अंगावर ओळखा

चेहरा लालबुंद झाला, मूल चिडचिडं झालं, डोकं दुखू लागलं, लघवी कमी आणि गडद होऊ लागली की खेळ थांबवा. सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या पंच्याने अंग पुसा, वारा घाला. मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत किंवा नारळपाणी घोट घोट द्या. मूल असंबद्ध बोलू लागलं, ग्लानीत गेलं किंवा झटके आले तर तोंडात काही घालू नका. अंगावर पाणी मारत, वारा घालत थेट दवाखाना गाठा.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. जुनं मऊ कापड, काठाची टोपी, पट्ट्याचे सँडल, पाण्यासाठी एक भडक सदरा आणि कोरड्या कपड्यांचे जोड एवढ्यावर सुट्टी निभते. फोटोसाठी कपडे निवडू नका, मुलाच्या अंगाकडे बघून निवडा. दर तासाला मुलाच्या पाठीवर, सदऱ्याखाली हात घालून पाहा. पाठ ओलीचिंब आणि गरम लागली तर लगेच सावलीत आणा आणि सदरा बदला. आणि हे तुमच्या मुलांना आत्तापासूनच सांगत जा, म्हणजे उद्या त्यांच्या मुलांच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही.