मोकळ्यावर शेळ्या-कोंबड्या पाळणें : आरंभ कसा करावा

मुख्य विचार : जनावर सर्वांच्या शेवटीं घरीं आणावें.

आपल्या दुष्काळी मुलखांत ज्या कुटुंबापाशीं एखादा एकर मुरमाड जमीन व घरामागें थोडें परसूं आहे, त्यास शेळ्या व गांवठी कोंबड्या यांचा मोठा आधार होऊं शकतो. परंतु हा उद्योग दिसावयास सोपा असल्यामुळेंच उतावळ्या मनुष्यास बुडवितो. हातीं पैसा आला कीं पुष्कळ लोक प्रथम बाजार गांठतात, जनावरें आणतात, आणि मग तीं ठेवावीं कोठें व त्यांस घालावें काय, ह्याचा विचार करूं लागतात. ह्या धड्यांत आपण याच्या उलट क्रम पाहूं.

१. आधीं जागा व चारा

शेळी गवतापेक्षां झाडपाला अधिक आवडीनें खाते. म्हणून पहिल्या पावसांत जमिनीच्या कडेनें शेवरी, हादगा व सुबाभूळ हीं झाडें लावावीं, आणि पहिलें वर्षभर त्यांस जनावराचें तोंड लागूं देऊं नये. सुबाभूळ पौष्टिक खरी, पण केवळ तिचाच पाला घातला तर जनावराचे केस गळतात. यास्तव एकंदर चाऱ्यांत तिचा हिस्सा एकतृतीयांशाहून अधिक नसावा. मोठ्या शेळीस दिवसास ३ ते ४ किलो हिरवा पाला लागतो. हा हिशेब आधीं करावा व मगच शेळ्यांची संख्या ठरवावी.

दिवसा मोकळें असलें तरी रात्रीं जनावर बंद जागेंतच असावें. एका शेळीस सुमारें १० चौरस फूट कोरडी जागा पुरते. कोंबड्यांचें खुराडें जमिनीपासून २ फूट उंच असावें, व त्याची जाळी मुंगसास आंत शिरतां येणार नाहीं इतकी बारीक असावी. कोंबड्या दिवसभर किडे व सांडलेलें धान्य वेंचतील. तरी सायंकाळीं मूठभर धान्य खुराड्यापाशींच टाकावें. त्यानें त्यांचें पोट भरतें व घरीं परतण्याची संवयही लागते.

२. थोडक्यानें आरंभ

आरंभीं ३ शेळ्या, १० कोंबड्या व १ कोंबडा इतकीं पुरे. धाराशिव जिल्ह्याकडील उस्मानाबादी शेळी काटक असून तिला पुष्कळदां जुळीं करडें होतात. शेळी शक्य तर पाळणाऱ्याच्या घरीं जाऊन, तिची आई पाहून, दोन दांतांची असतां घ्यावी. करडूं जन्मल्यावर पहिल्या तासाभरांत त्यास चीक पाजावा. बोकडाच्या लेकी वयांत येण्यापूर्वीं बोकड बदलावा.

गांवठी कोंबडी वर्षास साधारण ५० ते ७० अंडीं घालते. वनराजासारख्या सुधारलेल्या जातींचीं अंडीं अधिक. पण त्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहींत. म्हणून कळपांत गांवठी कोंबडी असावीच. तिच्याखालीं १० ते १२ अंडीं ठेवावीं, म्हणजे २१ दिवसांनीं पिलें निघतात. पहिले ३-४ आठवडे पिलें डालग्याखालीं सांभाळावीं. घार, कावळा व गारठा हे त्या वयांतील वैरी होत.

कर्जाविषयीं एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. कर्जाचा हप्ता महिन्यानें येतो. शेळीचें करडूं पांच महिन्यांनीं येतें, व विकण्याजोगें होण्यास त्यास आणखी आठ-दहा महिने लागतात. मधला काळ कशावर काढणार, ह्याचें उत्तर ज्यास देतां येत नाहीं, त्यानें कर्ज काढूंच नये. एका शेळीनें आरंभ करावा, माद्या राखाव्या व नर विकावे. कळप घरच्या जन्मानें वाढूं द्यावा.

३. मोकळें जनावर व शेजारी

कांहीं वर्षांपूर्वीं मीं स्वतः आठवड्याच्या बाजारांतून २५ कोंबड्या आणल्या आणि त्याच सायंकाळीं घरच्या कोंबड्यांत सोडल्या. लस टोंचलेली होती कीं नाहीं, हें मीं विचारलेंही नाहीं. सहाव्या दिवशीं हिरवी हगवण लागली, कित्येकींच्या माना वांकड्या झाल्या, आणि पंधरवडा संपण्यापूर्वीं खुराड्यांत दोनच उरल्या. पण दुःखाची गोष्ट ही नव्हे. कोंबड्या मोकळ्या फिरणाऱ्या. त्यामुळें शेजारच्या विधवा बाईंच्या सातही कोंबड्या मेल्या. त्यांच्या मुलाच्या वह्या अंड्यांच्या पैशांतून येत असत. बाईंनीं मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. पुढल्या वर्षीं लस दिलेल्या सात तलंगा मीं त्यांस नेऊन दिल्या. परंतु मधलें वर्ष मला परत देतां आलें नाहीं.

हा रोग मानमोडी किंवा राणीखेत होय. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत कुमाऊंतील राणीखेत येथें तो आढळला, त्यावरून त्यास हें नांव पडलें. त्यावर औषध नाहीं. लस मात्र आहे. पिलांस पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत किंवा नाकपुडींत एक थेंब घालतात, आणि तीं दोन महिन्यांचीं झाल्यावर लस टोंचतात. लस बर्फांत ठेवून आणावी लागते; एका कुपींत शंभर किंवा अधिक पक्ष्यांपुरती लस असते, व कुपी फोडल्यावर ती दोन तासांच्या आंत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या धन्यास हें एकट्यानें परवडत नाहीं. म्हणून साऱ्या वस्तीनें दिवस ठरवून, वर्गणी काढून, एकाच वेळीं लस द्यावी. एक घर राहिलें तर सर्वांची वाट उघडी राहते.

शेळ्यांस चौथ्या महिन्यानंतर पी. पी. आर. रोगाची, व पावसाळ्यापूर्वीं आंत्रविषाराची लस पशुवैद्याकडून टोंचून घ्यावी. जंताचें औषध पावसाळ्याच्या आधीं व नंतर द्यावें. विकत आणलेलें कोणतेंही जनावर ३ आठवडे वेगळें बांधावें.

शेळीची चराईही शेजाऱ्याच्या बांधाशीं संपली पाहिजे. राखण करणारें माणूस नसेल त्या दिवशीं पाला कापून गोठ्यांत घालावा. आपलें जनावर मोकळें फिरतें तेव्हां आपली निष्काळजीही त्याच्याबरोबर मोकळी फिरते, हें विसरूं नये.

४. वही

एक वही करावी. जन्म, मृत्यु, लस, विक्री व खर्च हीं तींत तारखेसह लिहावीं. पहिल्या वर्षीं नफ्याचें पान कोरें राहिलें तरी निराश होऊं नये. मृत्यूचें पान कोरें राहिलें तर पुष्कळ मिळविलें असें समजावें.

विचारार्थ प्रश्न : (१) आपल्या जमिनीवर आज किती शेळ्यांपुरता पाला आहे? (२) आपल्या वस्तींत कोंबड्या किती, व त्यांस लस देण्याचा दिवस कोण ठरवील? (३) आपल्या उतावळेपणाची झळ कोणा शेजाऱ्यास लागण्याजोगी आहे?