यादीतील शेवटचे नाव

वेब प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या पाठांविषयी इतिहासाच्या शिक्षकाने लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु सायंकाळच्या अभ्यासिकेत वसतिगृहातील मुलांसमवेत बसून मीही जावास्क्रिप्टचे धडे गिरवले आहेत. मुले जेथे अडखळली तेथे मीही अडखळलो, आणि ती ठिकाणे प्रामुख्याने दोनच होती : अट आणि आवर्तन, म्हणजेच ‘इफ’ आणि लूप. आपली मुले संगणकापुढे बसून नेमके काय करतात, असे पालक विचारतात. त्यांच्यासाठीही हा पाठ आहे.

सरावासाठी आम्ही निकालपत्रक घेतो, कारण ते घरोघरी परिचयाचे आहे. 40 विद्यार्थ्यांचे शेकडा गुण एका यादीत भरायचे. 75 वा अधिक गुणांस विशेष प्रावीण्य, 60 पासून प्रथम श्रेणी, 45 पासून द्वितीय, 35 पासून उत्तीर्ण, अन्यथा अनुत्तीर्ण. आपण बोलताना ‘जर… नाहीतर जर… नाहीतर’ म्हणतो, तेच येथे ‘इफ’, ‘एल्स इफ’ आणि ‘एल्स’ होते. हे शब्द ठरलेले असतात. चलाचे नाव मात्र मराठीत ‘गुण’ असे ठेवले तरी जावास्क्रिप्टला चालते. मुलांची निम्मी भीती तेथेच जाते.

पहिली चूक क्रमाची. बहुतेक मुले सर्वांत सोपी अट, ‘35 वा अधिक’, आरंभी लिहितात. संगणक अटी वरून खाली तपासतो आणि पहिली खरी अट सापडताच उरलेल्यांकडे पाहतही नाही. परिणामी 82 गुणांची मुलगी केवळ ‘उत्तीर्ण’ ठरते. ब्राउझर कोणतीही तक्रार करीत नाही, कारण लिहिण्यात चूक नाही; चूक विचारात आहे. म्हणून सर्वांत कठोर अट सर्वांत वर लिहावी.

आता आवर्तन. ‘फॉर’च्या कंसात तीन गोष्टी येतात : कोठून आरंभ, कोठवर चालायचे, आणि प्रत्येक फेरीनंतर किती पुढे सरकायचे. तिसरी गोष्ट विसरल्यास लूप थांबतच नाही, पान गोठते. ते निदान लगेच कळते. दुसऱ्या गोष्टीतील चूक मात्र लपून राहते. यादीतील मोजणी 0 पासून होते, म्हणून 40 नावांचे क्रमांक 0 ते 39. ‘क्रमांक 39 हून लहान असेपर्यंत’ असे लिहिले, तर 39 निकाल लागतात आणि शेवटचे नाव गळते. हजेरीपटात शेवटचे नाव बहुधा वर्षाच्या मध्यावर दाखल झालेल्या मुलाचे असते. उलट ‘40 वा त्याहून लहान’ लिहिले, तर एकेचाळिसावी फेरी होते. त्या जागी कोणीच नसते, तरी पडद्यावर ‘अनुत्तीर्ण’ उमटते!

नसलेला विद्यार्थी नापास कसा झाला, यावर आमची एक संपूर्ण सायंकाळ गेली. रिकाम्या जागेचे मूल्य ‘अनडिफाइन्ड’ असते. ते 35 हून मोठे वा समान आहे काय, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच येते. प्रत्येक अटीस ‘नाही’ म्हणत ते शेवटी ‘एल्स’मध्ये पडते. त्याच सुमारास एका विद्यार्थिनीने तापामुळे परीक्षेस न बसलेल्या मैत्रिणीपुढे गुणांऐवजी ‘गैरहजर’ असा शब्द भरला. तिचाही निकाल ‘अनुत्तीर्ण’ लागला. “सर, ती नापास कुठं झाली? ती तर आलीच नव्हती,” असे ती काहीशा रागानेच म्हणाली. तिचा आक्षेप रास्त होता. ज्यांचा आपण विचारच केला नाही, ते सर्व ‘एल्स’च्या पदरात पडतात. जुन्या दप्तरांतील ‘इतर’ हा रकाना चाळताना मला अनेकदा असेच वाटले आहे.

दुरुस्ती तिनेच केली. ‘गैरहजर’ची अट सर्वांत वर घेतली, 0 ते 35 च्या आतील गुणांसाठी ‘अनुत्तीर्ण’ अशी स्वतंत्र अट लिहिली, आणि अखेरच्या ‘एल्स’मध्ये निकालाऐवजी ‘नोंद तपासा’ एवढेच ठेवले.

माजी विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावा असा एक सराव देतो. 1896 ते 2004 या काळातील लीप वर्षे, दोन्ही टोके धरून, लूप वापरून मोजावीत. 4 ने भाग जाणारे वर्ष लीप, परंतु 100 ने भाग गेल्यास नाही, आणि 400 ने गेल्यास पुन्हा लीप. 1582 च्या ग्रेगोरियन सुधारणेपासूनचा हा नियम आहे. येथेही क्रमाचे तेच पथ्य : 400 ची अट प्रथम, मग 100, मग 4. ही चूक केवळ मुलांचीच नव्हे. लोटस 1-2-3 या गाजलेल्या प्रोग्रॅमने 1900 हे लीप वर्ष धरले होते, आणि त्याच्याशी मेळ राहावा म्हणून एक्सेलनेही ते तसेच ठेवले. त्यात 29 फेब्रुवारी 1900 हा कधीच न उगवलेला दिवस आजही सापडतो. आपले उत्तर 27 यावयास हवे. 28 आल्यास 1900 तपासावे. 26 आल्यास प्रथम लूपची दोन्ही टोके पाहावीत, मग 2000.